षष्ठीचं पाणी

माझ्या मुलीला हाइकला जायचं होतं आणि आम्ही राहत होतो दोह्यात. कतारमधली सगळ्यात उंच टेकडी कुठली, असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी आमच्या इमारतीच्या पार्किंगचा रॅम्प दाखवला असता. पण तिच्या वर्गातली एक मुलगी सुट्टीत आईबापांबरोबर इंडोनेशियात जाऊन आली होती. हिरवीगार दरी, दरीतून खळाळणारे ओढे, ओढ्यांवर बांबूचे पूल, असे फोटो तिने वर्गात दाखवले आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर कटकट सुरू झाली. "आय वॉन्ट अ रिअल हाइक, आई. विथ स्ट्रीम्स. अँड ब्रिजेस." मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. मराठी तिला सगळं समजायचं, टोमणेसुद्धा, पण उत्तर यायचं इंग्रजीत. मी म्हटलं, पूल हवेत ना, चल मग गाडीतून चक्कर मारू, रोज एक नवा फ्लायओव्हर उभा राहतोय. तिला विनोद कळला आणि अजिबात आवडला नाही.

ते फुटबॉल वर्ल्ड कपच्या तयारीचे दिवस होते. स्पर्धेला अजून काही वर्षं अवकाश होता, तरी सगळं शहर तिच्या नावाने उकरून ठेवलं होतं. काल ज्या रस्त्याने ऑफिसला गेलो तो आज बंद, आणि उद्या तिथे खड्ड्याच्या तळाशी हेल्मेट घातलेली माणसं. नवरा एका स्टेडियमच्या कामावर होता, पाइप आणि पंप बघायचा. मी दुसऱ्या एका कंत्राटदाराकडे प्लॅनिंग इंजिनीअर. म्हणजे कुठलं काम कधी व्हायला हवं होतं आणि का झालं नाही, हे रंगीत पट्ट्या काढून साहेबांना दाखवायचं. आमच्या घरात एकच पालुपद होतं: वर्ल्ड कप झाला की. वर्ल्ड कप झाला की दाढेचं बघू, वर्ल्ड कप झाला की गावी जाऊन महिनाभर राहू. सासूबाई गेल्या तेव्हा आम्ही धावत गेलो आणि नवरा तेराव्याच्या आधी साइटवर परत आला. त्याबद्दल तो कधी बोलला नाही आणि मीही विषय काढला नाही.

त्या हिवाळ्यात सासरे आमच्याकडे आले. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या गावी त्यांचं घर, आणि ज्या शाळेत त्यांनी उभा जन्म मास्तरकी केली ती शाळा खाडीपलीकडे. सुकतीला म्हणजे ओहोटीला पायी उतरायचं, भरतीला होडीने. त्यामुळे पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार हे त्यांना मुलांच्या हजेरीइतकंच पाठ. गावातली माणसं लग्नाचं वऱ्हाड कधी उतरवायचं हे आधी त्यांना विचारत आणि मग भटजींना. मी नाशिकची. आमच्याकडे पाणी एकाच दिशेने वाहतं आणि ते बघून त्याची पूजा करतात. लग्नानंतरचं पहिलं वर्ष तर मी बाबांच्या अर्ध्या मालवणी बोलण्याला नुसतं हसून हो म्हणत काढलं होतं.

ते आले ते नुसते राहायला आले नव्हते, निदान आमच्या मनात तसं नव्हतं. सासूबाईंच्या मागे ते घरात एकटेच होते. गणपतीनंतर विहिरीवर पाय घसरून पडले, कंबर सुजली, आणि आम्हाला ते कळलं शेजारणीकडून, सूज उतरल्यावर. नवऱ्याने तेव्हाच ठरवलं की आता बाबांना इथेच ठेवायचं. मीही ठरवलं. कोणाला वाटेल सून तोंडदेखलं म्हणत असेल, पण मला ते खरोखर हवे होते. भल्या पहाटे भारतातून फोन वाजला की नंबर बघायच्या आधीच मी उठून बसायचे, ते मला नको होतं. कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कामं करून देणारा माणूस, त्याच्याशी नवरा बोलून ठेवून होता. बाबांनी फक्त हो म्हणायचं बाकी होतं, आणि तेवढंच ते म्हणत नव्हते.

नाहीही म्हणत नव्हते. खालच्या वॉचमनकडून त्यांनी एक शब्द उचलला होता. "बाबा, राहणार ना?" असं विचारलं की ते खिडकीबाहेरच्या क्रेनकडे बघत म्हणायचे, "इन्शाल्ला." आमच्या ऑफिसात कोणी इन्शाल्ला म्हटलं की मी त्या कामाची पट्टी मुकाट्याने दोन आठवडे पुढे सरकवायची, त्यामुळे मला अर्थ बरोबर कळत होता. नवऱ्याला कळत नव्हता. त्याला वाटायचं बाबांचं मन वळतंय.

व्हिसाची मुदत संपत आली आणि परतीचं तिकीट आठवड्यावर आलं, तेव्हा नवऱ्याला एक कल्पना सुचली. अल खोरच्या पुढे थखिराला समुद्र जमिनीत घुसलाय, तिथे खारफुटीचं जंगल आहे. ओढ्यांसारखे पाण्याचे पाट आहेत, त्यांच्यावर लाकडी पूल आहेत. मुलीची हाइक होईल, आणि बाबांना खाडी दिसेल. खाडी बघितली की त्यांना इथे परकं वाटणार नाही. हे तो मला स्वयंपाकघरात हळू आवाजात सांगत होता, एखादं टेंडर फोडल्यासारखं.

शुक्रवार ठरला, कारण सुट्टी तेवढीच. तिथलं पाणी कधी उतरतं ते फोनवर बघून घेऊ, असं मी म्हटलं. नवऱ्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू घरात देव असताना मी बाहेर नवस बोलायला निघाले आहे. "बाबा घरात असताना?" तो म्हणाला, आणि बाहेर जाऊन बाबांना विचारलं.

दोन महिन्यांत बाबांना पहिल्यांदा कोणीतरी त्यांना ठाऊक असलेलं काहीतरी विचारत होतं. ते ताठ बसले. भिंतीवर मी गावाहून आणलेली दिनदर्शिका होती, तिच्यापाशी जाऊन त्यांनी शुक्रवारच्या चौकोनावर बोट ठेवलं. "षष्ठी. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचाराक भरती, म्हणजे साडेधाक सुकती. नवाक पोचलो तर पाणी उतारता आसतला. आरामात फिरा." मुलीने विचारलं, "हाउ डू यू नो?" तर त्यांनी तिला शेजारी बसवून ते गणित समजावलं. जी तिथी असेल तिचे पाऊणपट करायचे, भरतीची वेळ मिळते. चंद्र आणि पाणी कधी खोटं बोलत नाहीत, माणसं बोलतात, असंही सांगितलं. तिने लगेच पुढच्या चार दिवसांच्या भरत्या काढून दाखवल्या. बाबांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

शुक्रवारी सकाळी रस्ते रिकामे असतात. वाटेत ते तंबूच्या आकाराचं मोठं स्टेडियम लागलं. तेव्हा ते अर्धंमुर्धं झालं होतं. नवऱ्याने गाडी हळू केली आणि अभिमानाने दाखवलं, काम त्याचं नव्हतं तरीही. बाबांनी काच खाली घेऊन नीट बघितलं. "येवढो मोठो मांडव! लगीन कोणाचा?"

"फुटबॉलचा, बाबा," नवरा म्हणाला. वडिलांशी बोलताना त्याची जीभ आपोआप मालवणीकडे वळते.

"आणि मगे?"

"मगे काय?"

"मांडव मगे काढतत," बाबा म्हणाले. नवऱ्याने गाडीचा वेग वाढवला. मुलगी मागे बसून फिदीफिदी हसत होती.

थखिराला पोचलो तर पुढे सपाट, मळकट जमीन आणि पलीकडे एकदम हिरवा पट्टा. वाळवंटात तसा हिरवा रंग बघायची डोळ्यांना सवय नसते. आम्ही गाडी लावली, पिशव्या घेतल्या आणि वाळूच्या वाटेने निघालो. पहिल्या झाडापाशी बाबा थांबले. खांद्यापर्यंत येईल एवढं झाड, खाली चिखलातून पेन्सिली उभ्या कराव्यात तशी मुळं वर आलेली. बाबांनी एक पान तोडलं, उलटं केलं आणि जिभेला लावलं.

"तिवर," ते म्हणाले. "ह्यो आमचोच." आणि दुसरं पान तोडून मुलीपुढे धरलं. "चाटून बग गो, बाय."

तिने चाटलं आणि किंचाळली, "सॉल्टी!" मग मलाही चाटायला लावलं. खरंच पानावर मिठाचा थर होता. हे झाड पाण्यातून मीठ पितं आणि पानातून बाहेर टाकतं, असं बाबा सांगत होते आणि पुढे चालत होते. चालत होते म्हणजे, आम्ही मागे पडलो. दोह्यात लिफ्टपर्यंत जाताना भिंतीला हात लावणारा माणूस तिथे एखाद्या पोरासारखा पुढे पळत होता.

मग पहिला पूल आला. फळ्यांचा, अरुंद, एका बाजूला कठडा. खालून पाण्याचा पाट झुळझुळत होता, बोटाएवढे मासे थव्याने इकडून तिकडे जात होते. "ब्रिज!" मुलगी ओरडली.

"पूल न्हय. साकव," बाबांनी दुरुस्ती केली. "पुलावरना गाडी जाता. साकवावरना माणूस."

मुलीने तो शब्द तोंडात घोळवून बघितला. दुसऱ्या पुलाला ती आपणहून "साकव नंबर टू" म्हणाली. तिवरांच्या भिंतींमधून वाट वळत होती, प्रत्येक वळणाला एक पाण्याचा पाट, कुठे बगळा, कुठे लांबवर गुलाबी फ्लेमिंगोंची रांग. इंडोनेशियाची दरी नव्हती, डोंगर तर मुळीच नव्हता, पण मुलीची तक्रार बंद झाली होती. नवऱ्याने माझ्याकडे वळून भुवया उडवल्या. मासा गळाला लागला, असं त्याला म्हणायचं होतं. मलाही तसंच वाटलं. बाबांच्या पाठीकडे बघत मी मनातल्या मनात त्यांच्यासाठी दर शुक्रवारचा कार्यक्रम आखून टाकला. सवयच ती.

दोन साकव झाल्यावर वाट संपली. पुढे एक पाट आडवा होता आणि त्याच्यावर पूल नव्हता. पलीकडे वाळूचा एक स्वच्छ उंचवटा दिसत होता, शंखशिंपल्यांनी भरलेला. पाणी घोट्यापर्यंत होतं, तळ दिसत होता. बाबांनी पँट दुमडली, चपला हातात घेतल्या. "अजून उतारतला," ते म्हणाले आणि सरळ पलीकडे गेले. आम्ही मागोमाग.

त्या उंचवट्यावर आम्ही चादर टाकली. मी घावणे करून नेले होते. माझे घावणे तव्याला चिकटतात आणि त्यांचे नकाशे होतात, पण बाबांनी त्या दिवशी एकही शब्द न बोलता चार खाल्ले. मग ते गावच्या खाडीच्या गोष्टी सांगत बसले. एकदा परीक्षेला साहेब येणार होते, त्यांनी बाबांचं न ऐकता घड्याळ बघून खाडी उतरायला घेतली आणि अर्ध्यात कमरेएवढ्या पाण्यात टोपी हातात धरून उभे राहिले. मुलगी हसून लोळत होती. ऊन कोवळं होतं, वारा गार होता. नवरा चादरीवर आडवा झाला आणि फोन बाजूला ठेवून चक्क घोरायला लागला. कितीतरी महिन्यांनी मी त्याला दिवसा झोपलेलं बघत होते. मला फार बरं वाटलं. हेच, एवढंच मला हवं होतं.

मुलगी वाळूतली खेकड्यांची बिळं मोजत होती. थोड्या वेळाने ती आली आणि म्हणाली, "द होल्स आर गॉन. द वॉटर इज कमिंग इन."

"नाय गो," बाबा म्हणाले. "जाता हा. साडेधापर्यंत जातला."

मी पाण्याकडे बघितलं. मघाशी जिथे खेकडे पळत होते तिथे पाणी होतं. चादरीपासून पाण्यापर्यंत मघाशी मुलगी धावत जाऊन धापा टाकत परत येत होती, आता तिने चार ढांगा टाकल्या की पाय भिजत होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला? पण आम्ही दोघी पाण्याकडे बघायचं सोडून बाबांकडे बघत होतो. आणि बाबा म्हणत होते, जाता हा. मी इंजिनीअर बाई, डोळ्यांना दिसतंय ते सोडून षष्ठीवर विश्वास ठेवून बसले. नवऱ्याला उठवलंसुद्धा नाही.

मग तिवरांच्या मागून चार-पाच कयाक आल्या. रंगीत जाकिटं घातलेली माणसं वल्ही मारत, गप्पा मारत, आम्ही ज्या वाटेने चालत आलो होतो त्याच वाटेवरून निघून गेली. एका बाईने आमच्याकडे हात हलवून इंग्रजीत विचारलं, तुम्ही ठीक आहात ना? मी हात हलवून हो म्हटलं. आपण जिथून चालत आलो तिथून होडी जातेय, हे लक्षात यायला मला आणखी एक क्षण लागला.

मी नवऱ्याला हलवलं. तो उठला, त्याने एकदा पाण्याकडे आणि एकदा वडिलांकडे बघितलं. बाबा उभे होते. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी पूर्वी एकदाच बघितलं होतं, सासूबाईंना नेताना. काय चाललंय ते दिसतंय आणि तरी पटत नाही, असं.

"साडेधाक सुकती," ते पुटपुटले. "षष्ठी आज. मी बगलंय कालनिर्णयात."

घाबरण्यासारखं फार काही नव्हतं, हे मी आज सांगू शकते. कयाकवाल्यांना हाक मारली असती तर ते वळले असते. पण त्यांना हाक मारून बाबांना कमीपणा आणणं नवऱ्याला नको होतं, आणि मला ते कळत होतं. त्याने मुलीला खांद्यावर घेतलं, पिशवी गळ्यात अडकवली आणि पाण्यात उतरला. मघाशी घोट्याएवढं होतं ते पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत आलं. ओढही होती, आतल्या बाजूला. मुलगी वरून सूचना देत होती, "लेफ्ट, पप्पा, लेफ्ट, देअर्स अ रॉक."

मागे मी आणि सासरे. बाबा दोन पावलं आत गेले आणि थांबले. गावच्या खाडीत ते मिट्ट काळोखातही थांबत नसत, कारण तळ त्यांच्या पायांना पाठ होता. इथे ते पाय पुढे टाकून चाचपत होते, परत घेत होते. पाणी त्यांच्या गुडघ्याच्या वर चढलं होतं आणि ते जिथल्या तिथे होते.

मी त्यांचा हात धरला. आता हे वाचणाऱ्याला यात काय विशेष असं वाटेल, पण आमच्या घरात सून सासऱ्यांच्या पाया पडते, हात धरत नाही. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि त्यांचा हात कसा लागतो हे मला माहीत नव्हतं. मनगट हाडकुळं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग समोर. आम्ही निघालो. मध्यावर ते "आई गे" असं हळूच म्हणाले. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले, काय्येक नाय. पलीकडे पोचेपर्यंत मला एकाच वेळी त्यांची माया येत होती आणि त्यांचा भयंकर रागही येत होता.

साकवाच्या फळ्यांवर आम्ही चौघं बसलो, मुलगी सोडून सगळे कमरेखाली चिंब. मुलगी खूश होती. हाइक आता कुठे खरी झाली होती, आणि रविवारी, इथली शाळा उघडली की, वर्गात सांगण्यासारखं तिच्याकडे काहीतरी होतं. नवरा म्हणाला, "बाबा, तुमचा गणित बरोबर होता. ह्या आखात आसा. बंदिस्त पाणी. हयचो कायदो वेगळो." असं तो दोन-तीनदा म्हणाला. बाबा पाण्याकडे बघत होते. ते अजून चढत होतं, बिनआवाजाचं.

माझा राग तेव्हा तोंडातून बाहेर पडला. "गणित राहू द्या हो. बाबा, तुम्ही तिथे एकटे असताना असं झालं तर? कोण आहे तिथे हात धरायला?"

बाबांनी मान वळवली. आवाज अजिबात चढवला नाही. "थंय असा झाला नसता," ते म्हणाले.

ते खरं होतं. तिथे ते पाणी त्यांच्या ओळखीचं होतं. दोन महिने मी त्यांना पथ्याचं खाऊ घातलं, खोलीत नवा एसी लावला, बाथरूममध्ये पकडायला दांडा बसवून घेतला, आणि एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती.

"मी हयसर ऱ्हवलंय तर रोज असाच होतला," बाबा पुढे म्हणाले. ते माझ्याशी बोलत होते, पण नजर मुलाकडे होती. "लिफ्टीत, रस्त्यार, दुकानात. रोज कोणीतरी माझो हात धरतलो."

"धरला तर काय बिघडलं?" मी विचारलं.

"काय्येक बिघडाचा नाय. तू धरलंस, बरा वाटला माका." त्यांनी भिजलेली पँट पिळली. "पण अजून नको."

मुलीने पाय खाली सोडले होते, ती टाचांनी पाणी उडवायची थांबली. नवरा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. साइटवर दोनशे माणसांना ओरडून कामाला लावणारा माणूस, तो इतक्या बारीक आवाजात बोलला की मला वाटलं मुलगीच बोलली.

"मगे मी काय करू, बाबा?"

बाबांनी त्याच्याकडे बघितलं. "तू?" ते म्हणाले. "तू ये."

एवढंच. त्यात तक्रार नव्हती, तेराव्याचा उल्लेख नव्हता. पण नवऱ्याचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे बघितलं. तो काहीतरी सांगायला लागला, सुट्टीचं, साइटचं, आणि अर्ध्यात सोडून दिलं. मग त्याची नजर फळीवर गेली. बाबांच्या पायाखाली लाकूड लाल झालं होतं. शिंपल्याने तळपाय चांगला बोटभर कापला होता, आणि बाबा तो पाय दुसऱ्या पायाखाली लपवून बसले होते.

नवरा उठला आणि फळ्यांवरच बापासमोर उकिडवा बसला. "दाखवा," म्हणाला. बाबा म्हणाले, काय नाय, खाऱ्या पाण्यान बरा होता. त्याने ऐकलं नाही. पिण्याच्या पाण्याची बाटली घेतली आणि पाय आपल्या मांडीवर ओढून जखम धुतली, मग बोटांच्या मधली वाळू एकेक करून काढली. मी माझी ओढणी दिली, ती त्याने फाडली. हे सगळं तो मान खाली घालून करत होता. गाठ मारून झाली तरी त्याने पाय सोडला नाही.

"मे महिन्यात येतो," तो पायाकडे बघूनच म्हणाला. "तिघंय येतो. महिनोभर."

मला माझ्या ऑफिसातल्या सगळ्या पट्ट्या दिसल्या, मे महिन्यातून आरपार गेलेल्या. मी म्हटलं, "हो. येतो."

माझ्या मनात आलं, बाबांचा विश्वास बसला नसणार, बसावाच का? त्यांनी खाली वाकून मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि केसांतली वाळू झटकली. मग ते माझ्या मुलीकडे वळले.

"सुताराक सांगूक व्हया," ते म्हणाले. "घरात दोनच खाटी आसत. बायक वेगळी लागतली."